व्हायब्रेशन मशीनवर उभे राहिल्याने दमसास वाढतो का?

तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळताना जिममधील व्हायब्रेशन प्लेटवर रोज दहा मिनिटे उभे राहिले, तर पायांतील रक्तप्रवाह वाढून सामन्याच्या शेवटपर्यंत टिकणारा दमसास मिळेल का, आणि मधुमेह असलेल्या आपल्या वडिलांनीही त्यावर उभे राहावे का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात फिजिओथेरपीचे काम करते आणि शाहू स्टेडियमवरचा हंगाम जवळ आला की हा प्रश्न खेळाडूंकडून हमखास येतो. रक्तप्रवाह वाढतो, हे खरे आहे. त्यावरून दमसासही वाढेल, हा मात्र घाईने काढलेला निष्कर्ष आहे.

व्हिएन्नातील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० निरोगी व्यक्तींना २६ हर्ट्झच्या कंपनावर एकूण नऊ मिनिटे उभे केले होते. त्यानंतर गुडघ्यामागील धमनीतील रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला ६.५ सेंटिमीटरवरून १३ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे दुप्पट झाला. प्लेट सेकंदाला २६ वेळा हलते तेव्हा स्नायू प्रत्येक वेळी किंचित ताणला जातो, तो ताण ओळखणाऱ्या संवेदी रचना मज्जारज्जूला संदेश पाठवतात आणि आपण ठरवलेले नसतानाही स्नायू आकुंचन पावतो. काम करणाऱ्या स्नायूला जास्त प्राणवायू लागत असल्याने त्यातील बारीक धमन्या रुंदावतात. पहिल्या काही दिवशी पोटऱ्या लाल होऊन खाजतात, तेही त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावल्यामुळेच.

येथे ‘दुप्पट’ या शब्दाने दिपून जाऊ नये. विश्रांतीच्या वेळी १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण ३ ते ४ मिलिलिटर रक्त मिळते. मांडीच्या स्नायूने पूर्ण जोर लावून काम केले, तर हाच आकडा २५० मिलिलिटरच्या आसपास जातो. विश्रांतीच्या आकड्याची दुप्पट केली तरी धावताना स्नायूला जे मिळते त्याच्या जवळपासही आपण पोहोचत नाही, आणि प्लेटवरून उतरल्यावर ही वाढ हळूहळू ओसरते.

दमसास ज्यावर उभा असतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत: हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर ढकलते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे किती दाट आहे आणि पेशी तो प्राणवायू किती वापरू शकतात. हे बदल घडण्यासाठी हृदयाला आठवडेच्या आठवडे मोठे काम द्यावे लागते, आणि प्लेट नेमके तेच देत नाही. २००० सालच्या एका जर्मन प्रयोगात लोकांना कंपनावर, जादा वजन घेऊन, अगदी दमून जाईपर्यंत बैठका मारायला लावल्या होत्या. त्यांना स्वतःला तो श्रम सायकलवर थकून जाण्याइतकाच वाटला. पण हृदयाचे ठोके मिनिटाला १२८ पर्यंतच गेले आणि प्राणवायूचा वापर कमाल क्षमतेच्या निम्म्यावरच राहिला. शिवाय नंतर त्यांची उंच उडी मारण्याची क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी घटली, म्हणून सामन्याआधी या यंत्रावर स्वतःला थकवू नका, असे मी प्रत्येक फुटबॉलपटूला आग्रहाने सांगते.

याउलट, नॉर्वेतील तरुण फुटबॉलपटूंवरचा २००१ सालचा अभ्यास आपल्या थेट उपयोगाचा आहे. त्यांनी आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत जातील अशा वेगाने चार मिनिटांच्या चार फेऱ्या धावून काढल्या आणि मध्ये तीन-तीन मिनिटे हलके धावले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता किलोमागे मिनिटाला ५८ वरून ६४ मिलिलिटरवर गेली आणि सामन्यात ते २० टक्के जास्त अंतर धावू लागले. ही धाव रंकाळा तलावाच्या काठाने पहाटे गर्दी नसताना सहज करता येते, आणि तिला यंत्र लागत नाही.

मग प्लेट निरुपयोगी आहे का? मला तसे वाटत नाही. सरावाआधी एक-दोन मिनिटे स्नायू जागे करण्यासाठी, तसेच ज्यांना धावणे शक्य नाही अशा वयस्कर व्यक्तींना पायांचे बळ राखण्यासाठी ती कामाची आहे. मात्र कंपन म्हणजे रक्तप्रवाह वाढणारच, असा नियम नाही. शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत फेटलिंगसाठी, म्हणजे ओतीव भागांवरचा जादा धातू घासून काढण्यासाठी, हातात ग्राइंडर धरतात, त्याची कंपने वेगवान असतात. अशा अवजारांवर वर्षानुवर्षे काम केल्यास बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून बोटे पांढरी पडण्याचा विकार जडू शकतो. कंपनाची गती, काळ आणि शरीराचा कोणता भाग त्यात सापडतो, यावर सगळे अवलंबून आहे. प्लेटवर गुडघे थोडे वाकवूनच उभे राहावे. ताठ उभे राहिल्यास हादरे डोक्यापर्यंत पोहोचतात.

आपल्या वडिलांना मात्र तपासणीशिवाय त्यावर उभे करू नका. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि मग कातडी घासून झालेली जखम त्यांना कळणारही नाही. डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असेल तर हादरे टाळलेलेच बरे. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, पेसमेकर, नुकतेच मोडलेले हाड किंवा मूतखडा यांपैकी काही असल्यास प्लेट वापरूच नये. डॉक्टरांनी पाय आणि डोळे दोन्ही पाहून परवानगी दिली, तर सुरुवात कमी गतीवर, एका वेळी अर्ध्या-एका मिनिटाने, आधाराचा दांडा धरून आणि शेजारी कोणीतरी उभे असतानाच करावी.