दुसरा रकाना

“मॅडम, रिपोर्ट यायला अजून दहा दिवस आहेत. हे दहा दिवस काढू कसे?”

मी समुपदेशक. हा प्रश्न मला इतक्या बायकांनी विचारलाय की आता अर्धा ऐकला तरी पुढचं कळतं. महिन्यातून दोनदा पाळी, नाहीतर पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातंय, मध्येच डाग लागतायत, गाठी पडतायत. सोनोग्राफीत गर्भाशयाचं ‘अस्तर जाड दिसतंय’ एवढंच कळलेलं असतं आणि त्या अस्तराचा तुकडा तपासायला गेलेला असतो. डॉक्टर म्हणालेले असतात, “बघू, रिपोर्ट येऊ दे.” त्या ‘बघू’मध्ये ही बाई रात्रंदिवस अडकून पडलेली असते.

त्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय ४३, नोकरी करणारी, टापटिपीची. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. नीट टेकून बसा म्हटलं तर म्हणाली, “असू दे, ठीक आहे.” तासाभराने उठली तेव्हा आधी वळून खुर्चीकडे पाहिलं, कपडे मागून सारखे केले आणि मगच माझा निरोप घेतला. तिच्या दोन महिन्यांची हकिगत मला त्या एका वळून बघण्यात कळली.

छातीत धडधडतं, दोन जिने चढले की धाप लागते, रात्री दचकून जाग येते, असं ती सांगत होती. हे सगळं भीतीमुळे, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. अशा वेळी मी मनाकडे वळण्याआधी हिमोग्लोबिन विचारते. (आमच्या क्षेत्रात हे सगळेच विचारतात असं नाही. मी विचारते.) बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. हिचं ८.६ होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण पाकीट पर्समध्ये तसंच होतं. “आधी कळू दे ना काय झालंय, मग घेईन.”

“गोळी कारणावर नाहीये,” मी म्हटलं, “वाहून गेलेल्या रक्तावर आहे. ते तर गेलेलंच आहे ना?”

त्या रात्रीपासून तिनं गोळी सुरू केली. धडधड एका दिवसात थांबत नाही, पण तिला भीती वाटत होती त्यातलं बरंचसं रक्ताच्या कमतरतेचं होतं, हे कळल्यानेच ती थोडी सैलावली.

खरी गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत. डॉक्टरांनी नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या, म्हणून तिनं वही केली होती. मी ती बघायला मागितली. मधोमध पट्टीने आखलेली रेघ. डावीकडे तारीख, पॅड किती, किती भिजले, गाठी. उजव्या रकान्यात मात्र भलतंच होतं. ‘भरलेली बादली उचलली.’ ‘मुलीवर ओरडले.’ ‘दिवसभर पडून राहिले.’ त्याच्याच खाली, ‘उगाच जिना दोनदा चढले.’ एका पानावर फक्त ‘लग्नाआधीच्या गोळ्या?’ एवढंच.

“डॉक्टरांनी काय लिहायला सांगितलं होतं?”

“तारीख, पॅड, गाठी.”

“मग हा दुसरा रकाना कोणी सांगितला?”

ती बराच वेळ वहीकडेच बघत राहिली. “कोणीच नाही.”

“त्यात काय शोधताय?”

“माझं काय चुकलं ते.” मग अगदी हळू आवाजात, “चूक सापडली तर मी ती परत करणार नाही. मग थांबेल ना?”

मी इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय, पण ‘आजारपणात अपराधी वाटणं’ हे एवढ्या स्वच्छ शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं. तोवर मी त्याला अपराधीपणा समजून समजूत घालायचे, ‘तुमचा काही दोष नाही’ म्हणायचे, आणि ते बाईच्या डोक्यावरून जायचं. त्या दिवशी मला दिसलं की दोष ती स्वतःच ओढून घेत होती, कारण दोषाला निदान नाव असतं आणि तो सुधारता येतो. नुसतं ‘माहीत नाही’ हे कुठे ठेवायचं, हाच तिचा प्रश्न होता. दोष काढून घेतला असता तर तिच्या हातात काहीच उरलं नसतं.

म्हणून मी समजूत घातली नाही, माहिती दिली. असं अनियमित रक्त जाण्याच्या कारणांची यादी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेनं २०११ साली नऊ गटांत लावून दिली आहे. पहिले चार तपासणीत दिसू शकणारे : पॉलिप म्हणजे अस्तराचा कोंब, अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कॅन्सर किंवा त्याआधीची अस्तराची अवाजवी वाढ. मग रक्त गोठण्यातले दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तराचेच काही बिघाड, औषधं किंवा गर्भनिरोधक साधनं. आणि नववा गट यातल्या कशातच न बसणाऱ्यांचा. बादली उचलणं यात नाही. मुलीवर ओरडणंही नाही.

ती नवव्या गटाशी थांबली. “म्हणजे त्यांनीपण ‘माहीत नाही’साठी एक खण ठेवलाय?”

“ठेवलाय.”

ती हसली. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मग पर्समधून पेन काढून तिनं उजव्या रकान्यावर उभी रेघ मारली, पानामागून पान. मी मध्ये बोलले नाही. काय बोलायचं नाही हे मला आता बऱ्यापैकी जमतं.

पुढचं काम तसं सोपं होतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून ती मांडली, आणि इच्छा व हट्ट यांतला या पद्धतीनं दाखवलेला फरक अशा वेळी फार उपयोगी पडतो. ‘लवकर कळलं तर बरं’ ही इच्छा. ‘मला आत्ताच कळलंच पाहिजे’ हा हट्ट, आणि तो मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्याला ऐकू जात नाही. तिनं स्वतःच्या शब्दांत लिहून काढलं, ‘न कळण्याचा त्रास होतोय. होईल. पण तो मला सोसवतो, दोन महिने सोसतेच आहे.’ काळजीला तिनं संध्याकाळचा अर्धा तास नेमून दिला. काय वाटेल ते तेव्हा. इंटरनेटवर शोधणं नाही. पॅड ठरल्या वेळी बदलायचा, दर वीस मिनिटांनी जाऊन बघायचं नाही.

नवरा रोज रात्री सांगायचा, “काही नसेल गं.” ती विचारायची, तो सांगायचा, दहा मिनिटं पुरायचं. त्याला मी बोलावून घेतलं. सांगितलं, उत्तर देऊ नका, ‘मलाही माहीत नाही, पण मी बरोबर येतोय’ एवढंच म्हणा. त्याला ते फार कठोर वाटलं. तिला नाही वाटलं. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगत असते, पण ऐकतं कोण!

कॅन्सरबद्दल खोटा दिलासा मी देत नाही. पाळी कायमची थांबून वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त दिसलं, तरी दहातल्या साधारण नऊजणींना कॅन्सर नसतो. पण नसेलच म्हणून तपासणी टाळायची नाही, ती दहाही जणींनी करायची. आणि थांबायचं म्हणजे काहीही अंगावर काढायचं असं नव्हे. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय, चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा दिवस राहिल्याची शक्यता आहे आणि पोटात दुखतंय, तर माझ्याकडे नाही आणि रिपोर्टची वाट बघतही नाही. थेट दवाखान्यात.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘नमुना अपुरा.’ आता दुर्बिणीतून बघून पुन्हा तुकडा घ्यायचा, तीन आठवड्यांनी. मी मनातून घाबरले होते, खरं सांगते. ती म्हणाली, “खूप रडले मॅडम. मग गोळी घेतली आणि जेवले.”

पुढे काय निघालं ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. हे वाचणाऱ्यांपैकी जिचा रिपोर्ट यायचाय, ती तेवढंच शोधून स्वतःला लावून घेईल.

त्या तीन आठवड्यांच्या मध्यावर ती आली. वही घेऊन, आणि टेकून बसली. नव्या पानावर पुन्हा मधोमध रेघ होती. उजवीकडे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सात. भूल द्यावी लागेल का, थायरॉइड तपासायचा राहिलाय का, ऑफिसला किती दिवसांनी जाता येईल. पाचांची उत्तरं डॉक्टरांनी फोनवरच दिली होती, ती समोर लिहिलेली. सहाव्या आणि सातव्यासमोर तिनं लिहिलं होतं, ‘रिपोर्टनंतर.’