अमेरिकन वास्तववादी कथा: वाचन कुठून सुरू करावे?

आपण वास्तववाद (जीवन जसे आहे तसे दाखवणारे लेखन) आणि निसर्गवाद (माणूस निसर्गनियम व परिस्थितीच्या हाती असतो, असे मानणारे लेखन) यांच्या व्याख्या तूर्त बाजूला ठेवाव्यात आणि दोनच कथा सावकाश वाचाव्यात.

स्टीफन क्रेन यांची ‘द ओपन बोट’ (१८९७) आधी घ्या. फ्लोरिडाजवळ जहाज बुडाल्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. कथेत छोट्या होडीतून किनारा गाठू पाहणाऱ्या चौघांपैकी वल्ही मारण्यात सर्वांत तरबेज असलेला माणूसच अखेरीस बुडतो, आणि समुद्राला त्याचे काहीच वाटत नाही. नवखे वाचक येथे हमखास चुकतात: ते निसर्गाला खलनायक ठरवतात किंवा मृत्यूत शिक्षा शोधतात.

मग जॅक लंडन यांची ‘टू बिल्ड अ फायर’ (१९०८) वाचा. कडाक्याच्या थंडीत एकट्या प्रवाशाने झाडाखाली पेटवलेली शेकोटी फांद्यांवरील बर्फ कोसळून विझते, तो परिच्छेद तर पुन्हा वाचाच. निसर्गवादाचे प्रवर्तक फ्रेंच कादंबरीकार झोला, उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे डार्विन वगैरेंची चर्चा नंतर सहज उमगेल.