जैव-पृष्ठसक्रियकांवर काम सुरू करताना
जैव-पृष्ठसक्रियक म्हणजे सूक्ष्मजीवांनी बनवलेली, साबणासारखे काम करणारी द्रव्ये. ती बनवणारे जीवाणू शोधण्यासाठी बडोद्यातल्या गॅरेजमागची तेलाने काळवंडलेली माती तुम्ही नमुन्यासाठी निवडलीत, हे उत्तम झाले; तेलावर जगणारे जीवाणू अशाच जागी सापडतात. तुलनेसाठी अशी द्रव्ये बनवणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचा ज्ञात वाण सोबत ठेवा. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू रॅम्नोलिपिड नावाचे जैव-पृष्ठसक्रियक भरपूर देतो, पण तो संधिसाधू रोगकारक (दुबळ्या शरीरात रोग करणारा) असल्याने देखरेखीशिवाय हाताळू नये.

नवखे बहुधा फेस पाहून हुरळून जातात, परंतु फेस प्रथिनांमुळेही येतो. त्याऐवजी बशीतल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरवून मधोमध जीवाणू वाढवलेल्या पोषक माध्यमातून पेशी काढून उरलेल्या द्रवाचा थेंब सोडा. तेल मागे सरून स्वच्छ वर्तुळ उमटले, आणि जीवाणू न घातलेल्या माध्यमाच्या थेंबाने ते उमटले नाही, तरच पुढे जा. ही द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागावरचा ताण) किती कमी करतात, ते नंतर मोजता येईल.

या द्रव्यांमुळे तेल किंवा कीटकनाशक मातीतून सुटले म्हणजे नष्ट झाले, असे मात्र कृपया मानू नका; सुटलेला अंश भूजलातही उतरू शकतो.