शंभर पौंडांतले सत्तर पेन्स

प्रश्न : राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी मदतीवर खर्च करण्याचा ब्रिटनमध्ये कायदाच आहे, असे वाचले. मग मदत ०.३ टक्क्यांवर आणणे बेकायदा नाही का?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही, कारण पळवाट कायद्यातच आहे. ०.७ टक्के, म्हणजे शंभर पौंडांमागे ७० पेन्स, हे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९७० साली ठरवले. ब्रिटनने ते २०१३मध्ये गाठले आणि २०१५मध्ये कायद्यात घातले. पण उद्दिष्ट चुकले, तर मंत्र्याने संसदेपुढे निवेदन ठेवून कारण सांगायचे, एवढेच. अर्थव्यवस्था बिघडली, तिजोरीवर ताण आला, ही कारणे कायद्यालाच मान्य आहेत. दंड नाही, कोर्टात दादही नाही. म्हणून २०२१पासून ०.५ टक्के झाले, आणि संरक्षणखर्च वाढवण्यासाठी २०२७मध्ये ०.३ टक्के करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५मध्ये झाली.

आम्हाला जास्त खटकते ते हिशेबाचे. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमानुसार, आश्रयाला आलेल्यांच्या पहिल्या १२ महिन्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च ‘मदत’ म्हणून दाखवता येतो. २०२२मध्ये ब्रिटनच्या मदतीतले सुमारे २९ टक्के पैसे असे ब्रिटनमध्येच खर्च झाले. एकूण रकमेला मर्यादा असल्यामुळे आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलांचे बिल वाढले, की परदेशातल्या दवाखान्याला, शाळेला कात्री लागते. आश्रय द्यायलाच हवा, पण त्याची तरतूद गृहखात्याच्या पैशांतून व्हावी.

आणखी एक अडचण. मोजणी कॅलेंडर वर्षाची, आणि त्या वर्षीचे राष्ट्रीय उत्पन्न नेमके कळते वर्ष संपल्यावर. त्यामुळे डिसेंबरात आकडा जुळवण्याची घाई होते. कुठे हप्ता आधीच दिला जातो, कुठे पुढे ढकलला जातो. चालू कामाचा हप्ता अडला, की औषधखरेदी खोळंबते.

अभ्यासासाठी परराष्ट्र खात्याची वार्षिक आकडेवारी घ्या. वसंतात येते ती तात्पुरती, अंतिम नंतर येते. तुलना अंतिमशीच करा. एकूण रकमेतून आधी देशांतर्गत निर्वासित-खर्च वजा करा. मग अतिगरीब देशांना थेट किती गेले ते पाहा.

प्रश्न : भारताला ब्रिटनची मदत अजून मिळते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सरकारला मिळणारी अनुदाने २०१५पर्यंत बंद करण्याचा निर्णय २०१२मध्येच झाला. आता मुख्यतः ‘ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट’ या ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या गुंतवणूक संस्थेमार्फत खासगी कंपन्यांत गुंतवणूक होते. ती परताव्याच्या अपेक्षेने असते; तिला देणगी समजू नये.