आत्मा नाही, तर निर्वाण कोणाचे?

प्रश्न : आमचा अभ्यासवर्ग एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडतो. बौद्ध धम्म आत्मा मानत नाही आणि निर्वाण हे त्याचे अंतिम ध्येय आहे, असे एकाच दमात सांगितले जाते. आत्माच नसेल, तर निर्वाण मिळते कोणाला? आणि मिळवणारा कोणी उरतच नसेल, तर निर्वाण म्हणजे सरळ भाषेत नाहीसे होणे, मरणे, असेच नव्हे काय? (एक वाचक, अकोला)

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यातला निम्मा घोटाळा आपल्या भाषेने केलेला आहे. मराठीत 'निर्वाणीचा इशारा' म्हणजे शेवटचा इशारा आणि 'निर्वाणीचा उपाय' म्हणजे ज्याच्यापुढे उपाय उरत नाही तो; ६ डिसेंबरला आपण महापरिनिर्वाण दिन पाळतो; आणि अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात उजव्या कुशीवर पहुडलेली बुद्धमूर्ती पाहिलेल्या माणसाच्या मनात निर्वाण आणि मृत्यू यांची सांगड कायमची बसते. पण परंपरेनुसार बुद्धाला संबोधी (पूर्ण ज्ञान) आणि तिच्याबरोबरच निर्वाण प्राप्त झाले ते वयाच्या ३५व्या वर्षी, आणि कुसिनारेला त्याचा देह पडला तो ८०व्या वर्षी. मधली ४५ वर्षे निर्वाण प्राप्त झालेला हा माणूस पायी हिंडत होता, भिक्षा मागत होता, आजारी पडत होता आणि लोकांशी वाद घालत होता. देह पडल्यावरच्या अवस्थेसाठी परिनिर्वाण हा शब्द रूढ झाला, आणि सवयीने आपण त्यातला 'परि' गाळून टाकतो.

मूळ शब्दात विझण्याची, शांत होण्याची कल्पना आहे. मराठीतले 'निवणे' हे क्रियापद याच कुळातले आहे, आणि मला विचाराल तर निर्वाणाचा अर्थ 'निर्वाणीचा' या शब्दापेक्षा या घरगुती क्रियापदात अधिक शाबूत राहिला आहे. दूध निवते, रागावलेला माणूस निवतो, लेकराला पाहून आईचे डोळे निवतात. यांपैकी कशातही कोणी मरत नाही. संबोधीनंतर वाराणसीकडे जाताना वाटेत उपक नावाचा आजीवक पंथाचा साधू भेटला, तेव्हा बुद्धाने स्वतःविषयी 'सीतिभूतोस्मि निब्बुतो' असे शब्द वापरले : मी शीतल झालो आहे, निवलो आहे.

मग निवले काय? याचे उत्तर गयेजवळच्या गयासीस येथील बुद्धाच्या प्रवचनात आहे. समोर एक हजार भिक्खू होते, सगळे पूर्वाश्रमीचे जटिल, म्हणजे अग्निपूजक जटाधारी तपस्वी. त्यांना बुद्धाने सांगितले की डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळते आहे, आणि ही आग लोभाची, द्वेषाची व मोहाची आहे. जन्मभर अग्नीची सेवा केलेल्या माणसांपुढे हीच उपमा निवडण्यात केवढे औचित्य आहे, हे सांगायला नको. पुढे जंबुखादक नावाच्या परिव्राजकाने (भटक्या संन्याशाने) बुद्धाचा पट्टशिष्य सारिपुत्त याला 'निर्वाण म्हणजे काय?' असे थेट विचारले, तेव्हा त्याने एका वाक्यात उत्तर दिले : लोभाचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय, यालाच निर्वाण म्हणतात.

आता 'कोणाला' या शब्दाकडे वळू. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या प्रवचनात बुद्धाने माणसाची पाच अंगे सांगितली : रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणे), संस्कार (मनाच्या घडणी आणि प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव). यांतले प्रत्येक घेऊन तो म्हणतो की हा जर आत्मा असता, तर 'माझे शरीर असे असो, असे नसो' असा हुकूम त्याच्यावर चालला असता. तो चालत नाही, शरीर आजारी पडते, मन नको तिकडे जाते, म्हणून 'हे माझे, हा मी, हा माझा आत्मा' असे त्याला म्हणता येत नाही. या पाचांना उपादानस्कंध म्हणतात; स्कंध म्हणजे समूह. पालीत उपादान म्हणजे धरून ठेवणे, आणि उपादान म्हणजे जळणही. 'मी' हा या आगीवर बसलेला कोणी मालक नव्हे. धरून ठेवण्याच्या जळणावर पेटत राहणारी ती आगच आहे.

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने विचारले होते की मुक्त झालेला माणूस मरणानंतर कोठे उत्पन्न होतो. बुद्धाने त्याला उलट विचारले : तुझ्यासमोरची आग विझली, तर ती पूर्वेला गेली, पश्चिमेला गेली, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छगोत्त म्हणाला, हा प्रश्नच लागू होत नाही. गवत आणि काटक्या होत्या तोवर ती जळत होती, त्या संपल्या आणि ती निवली. 'निर्वाण कोणाला मिळते' हा आपला प्रश्न याच जातीचा आहे, कारण तो विचारतानाच आपण एक मिळवणारा गृहीत धरून बसलेलो असतो.

पण म्हणून 'कोणीच नाही, सगळे नष्ट होते' असे म्हणावे, तर तेही चालत नाही. यमक नावाचा भिक्खू नेमके तेच सांगत सुटला होता की अर्हताचा, म्हणजे मुक्त झालेल्या माणसाचा, देह पडला म्हणजे त्याचा उच्छेद होतो. सारिपुत्ताने त्याला विचारले की रूप म्हणजे तथागत (येथे मुक्त पुरुष) काय, वेदना म्हणजे तथागत काय, या पाचांहून वेगळा असा कोणी तथागत आहे काय. प्रत्येक वेळी यमकाला 'नाही' म्हणावे लागले. मग जिवंतपणीच ज्याच्यावर बोट ठेवता येत नाही, तो मेल्यावर नष्ट होतो हे तू कशाच्या आधारे म्हणतोस? यमकाने आपले मत सोडले.

प्रश्न : मग निर्वाण आणि वेदान्तातला मोक्ष यांत फरक तो काय? दोन्हीकडे अहंकारच जातो ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर : अहंकार जातो, हे खरे. परंतु वेदान्तात अहंकाराचे आवरण दूर झाल्यावर जो उरतो तोच आत्मा होय, आणि ही पायरी बौद्ध धम्म चढत नाही. धम्मपदातल्या तीन प्रसिद्ध गाथा पाहाव्यात. पहिल्या दोन गाथांत सर्व 'संस्कार' (येथे कारणांतून घडलेल्या सर्व गोष्टी) अनित्य आणि दुःख आहेत असे म्हटले आहे. तिसरीत मात्र शब्द बदलून सर्व 'धम्म' (येथे घडलेल्या-न घडलेल्या सगळ्याच गोष्टी) अनात्म आहेत असे म्हटले आहे. निर्वाण हे संस्कारांत मोडत नाही, म्हणून पहिली दोन विशेषणे त्याला लागत नाहीत. धम्मांत ते मोडते, म्हणून तिसरे लागते. थेरवादी (पाली परंपरेतले) टीकाकार हा फरक आवर्जून दाखवतात. 'उदान' या पाली ग्रंथात निर्वाणाला अजात, अकृत, असंस्कृत म्हटले आहे खरे, आणि त्या आधारावर त्याला ब्रह्माच्या पंक्तीला बसवणारे विद्वान झाले आहेत; मला ते वाचन पटत नाही.

प्रश्न : 'अत्ता हि अत्तनो नाथो' असे धम्मपदच म्हणते. हा 'अत्ता' आत्मा नव्हे काय? तसेच, बाबासाहेबांनी निर्वाणाचा अर्थ कसा लावला? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तेथे 'अत्ता' म्हणजे 'आपण स्वतः', आपण बोलताना म्हणतो तेवढ्याच अर्थाने, आपणच आपले धनी, दुसरा कोण असणार, असे ती गाथा विचारते. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने रथाच्या दृष्टान्ताने हेच समजावले होते की चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे, तरीही 'रथ' हे नाव व्यवहारात खोटे ठरत नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला लाभलेले 'मिलिंद' हे नाव आणि त्याच्या परिसराचे 'नागसेनवन' हे नाव याच संवादातून आले.

१९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी परिनिर्वाण आणि निर्वाण यांची स्पष्ट फारकत केली आहे. धम्ममार्गावर चालता येईल इतका विकारांवर ताबा मिळवणे, असा निर्वाणाचा अर्थ त्यांनी घेतला. पूर्ण क्षयाऐवजी 'इतका ताबा' म्हणणे पारंपरिक भिक्खूला सौम्य वाटेल, पण निर्वाण याच जन्मातले, जिवंत माणसाचे आहे, या मुद्द्यावर ते उपकाशी बोलणाऱ्या बुद्धाच्या अगदी जवळ उभे आहेत.