कार्टूश आणि आपलं काडतूस

प्रश्न असा आला आहे: इजिप्तच्या देवळांत राजाच्या नावाभोवती जी लांबट, गोलसर टोकांची चौकट असते तिला गाईड 'कार्टूश' म्हणतात. हा शब्द इजिप्शियन आहे का? आपल्या 'काडतूस'शी त्याचं काही नातं? आणि मराठीत काय म्हणावं?

नातं आहे, आणि ते सख्ख्या चुलत भावांचं आहे. कार्टूश हा शब्द इजिप्शियन नाही, फ्रेंच आहे. इटालियनमध्ये 'कार्ता' म्हणजे कागद आणि 'कार्तोच्चो' म्हणजे कागदाची पुंगळी. तो फ्रेंचमध्ये 'कार्तूश' झाला, पोर्तुगीजमध्ये 'कार्तूशु', आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला तो काडतूस होऊन. पितळी काडतूस पाहिलेल्याला यात कागद कुठून आला असं वाटेल. पण १८५७ आठवा. शिपायांना जी काडतुसं दातांनी फाडावी लागत, ती दारू आणि गोळी भरलेली कागदाची पुंगळीच होती. कार्ड, कार्टून, कार्टन हेही त्याच घरातले.

गाईड सांगतात की १७९८ साली नेपोलियनबरोबर आलेल्या सैनिकांना भिंतीवरच्या या चौकटी आपल्या काडतुसांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव पडलं. गोष्ट छान आहे, पण मला ती अपुरी वाटते. फ्रेंच शिल्पकामात नाव किंवा मजकूर कोरायच्या नक्षीदार चौकटीला त्याच्या कितीतरी आधीपासून 'कार्तूश' म्हणत. गुंडाळलेल्या कागदाच्या कडांसारखी तिची नक्षी असे. नावाभोवतीची चौकट पाहून फ्रेंच माणसाच्या तोंडी तोच शब्द येणार. कागद दोन्हीकडे आहेच.

खुद्द इजिप्शियन लोक तिला 'शेनू' म्हणत. त्यामागचा धातू 'वेढणे' या अर्थाचा. नीट पाहिलं तर ती चौकट नसून दोरीचा वेढा आहे, आणि एका टोकाला जी आडवी रेघ दिसते ती त्या दोरीची गाठ. सूर्य ज्याला वेढा घालतो ते सगळं राजाचं, असा भाव. राजाच्या पाच नावांपैकी दोनच या वेढ्यात जातात. एकाच्या आधी लव्हाळा आणि मधमाशी असते, ते राज्यावर बसताना घेतलेलं नाव. दुसऱ्याच्या आधी बदक आणि सूर्यबिंब, म्हणजे 'रा-पुत्र' (रा म्हणजे सूर्यदेव), ते जन्मनाव. तुतनखामूनचं पहिलं नाव नवख्यालाही ओळखता येतं: वर सूर्य, मध्ये भुंगेरा, त्याखाली तीन रेघा आणि तळाशी टोपली. नेब-खेपेरू-रा.

इजिप्तची चित्रलिपी उलगडली तीही या वेढ्यांमुळे. एकच मजकूर ग्रीक आणि इजिप्शियन लिपींत कोरलेल्या रोझेटा शिळेवर टॉलेमी राजाचं नाव वेढ्यात होतं, नाईलमधल्या फिले बेटावरच्या स्तंभावर क्लिओपात्राचं. एकात चौथ्या आणि दुसऱ्यात दुसऱ्या जागी बसलेला सिंह; तो 'ल' ठरला. 'प' आणि 'ओ'सुद्धा असेच जुळले. फ्रेंच अभ्यासक शांपोल्यिओंनी १८२२ साली आपलं वाचन जाहीर केलं.

लक्सरला गेलात तर थुटमोस तिसऱ्याच्या थडग्यात उतराच. त्याची दफनाची खोलीच कार्टूशच्या आकाराची आहे, शवपेटीही तशीच. राजाचा देहसुद्धा वेढ्यात ठेवलेला. मग देर अल-बहरीच्या देवळात हातशेपसुत या राज्यकर्त्या राणीचे छिन्नीने खरवडलेले वेढे पाहिले की पोटात कालवतं. नाव पुसणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. 'मेदिनेत हाबू'च्या देवळात रामसेस तिसऱ्याची नावं इतकी खोल कोरलेली आहेत की आत हाताचा पंजा जातो.

आता मराठीचं. 'राजमुद्रा' लिहू नये. मुद्रा म्हणजे ठसा, आणि इजिप्तमध्ये ठसे निराळे होते. मी 'नामवलय' सुचवेन, कारण त्यात शेनूचा वेढा येतो. पहिल्या उल्लेखात 'नामवलय (कार्टूश)' आणि पुढे कोणतंही एक चालेल. लिंग नपुंसक ठेवावं, काडतुसाप्रमाणे: ते कार्टूश. रूपं मात्र तशी चालवू नयेत. काडतूस आपल्याकडे पुरतं रुळलंय, म्हणून त्याचा ऊकार ऱ्हस्व होतो: काडतुसात, काडतुसं. कार्टूश अजून पाहुणा आहे. 'कार्टुशात' कानाला खटकतं, 'कार्टूशमध्ये' म्हणावं.