गोव्याच्या टेबलवर तिर्रट नसतं दादा, तिथं राणी-छक्की-चव्वी लक्षात ठेवायची

उदगीरच्या दादांनी विचारलंय की दिवाळीनंतर चौघं मित्र गोव्याला जायलेत, एक रात्र कॅसिनोत बसायचंय, तर तिथलं थ्री कार्ड पोकरचं, म्हणजे तीन पत्त्यांचं टेबल आपलं तिर्रटच (तीन पत्ती) का, पॅक कधी करायचं म्हणजे पत्ते टाकून डाव कधी सोडायचा, आणि टेबलावर शेजारी पेअर प्लस म्हणून जो गोल असतो त्यावर लावावं का नाही. त्यांचा एक मित्र हरलं की डबल लावायचं म्हणतोय, ते पण लिहिलंय. मी हे टेबल बरंच खेळलोय आणि त्याचा हिशोब वही घेऊन बसून केलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो, लांबलं तर समजून घ्या.

पहिली गोष्ट, ते तिर्रट नाही. पत्ते तीनच, रन (ओळीचे तीन पत्ते), कलर (तिन्ही एकाच रंगाचे, जसं तिन्ही बदाम), जोडी सगळं आपलंच, पण खेळ वेगळा. पोळ्याला नाहीतर दिवाळीला आपण बसतो तेव्हा समोर माणसं असतात, कोण ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता, वाढवायलाय, कोणाचा हात थरथरायलाय, कोण जोडीवर उगंच फुगायलाय हे बघून आपण चाल देतो. म्हणजे आपल्याकडं निम्मा खेळ पत्त्यांचा आणि निम्मा माणूस ओळखायचा. कॅसिनोत समोर डीलर, म्हणजे कॅसिनोचा पत्ते वाटणारा माणूस असतो, तो स्वतःच्या मनानं काहीच करत नाही, पॅक करत नाही का वाढवत नाही, त्याला नियम बांधून दिलेला असतो. तुमच्या शेजारच्याशी तर तुमचा काहीच संबंध नाही. तिथं ओळखायला माणूसच नाही, त्यामुळं गावात दहा वर्ष जिंकलेला माणूस आणि कालच शिकलेला पोरगा, दोघं त्या टेबलवर सारखेच. वाचायचा असतो तो बोर्ड, म्हणजे कोणत्या हाताला किती पट मिळणार ते जिथं लिहिलंय तो.

खेळ असा चालतो. सुरुवातीला अँटी लावायची, समजा १०० रुपये. तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन. तुम्ही तुमचे बघायचे आणि मग दोनच रस्ते, पॅक केलं तर १०० गेले, नाहीतर अजून १०० प्ले म्हणून लावायचे. दोनशे नाही, पन्नास नाही, अँटीएवढेच. मग डीलर उघडतो. त्याच्याकडं कमीत कमी राणी पाहिजे नाहीतर जोडी किंवा त्याच्या वरचं काहीतरी, नसलं तर डीलर बसलाच नाही असं धरतात, तेव्हा अँटीवर १०० मिळतात आणि प्लेचे जसेच्या तसे परत. तो बसला तर मोठा हात जिंकतो, तुमचा मोठा असला तर दोन्हीवर शंभर शंभर, त्याचा मोठा असला तर दोनशे गेले, सारखे निघाले तर पैसे परत. रन, ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे, जसं तीन राण्या) आणि पक्का रन (एकाच रंगाचा रन) आला की अँटीवर वेगळा बोनस असतो, बहुतेक ठिकाणी १, ४ आणि ५ पट, तो डीलर बसो न बसो मिळतो.

आता पॅकचं. नियम एका ओळीचा आहे, राणी-छक्की-चव्वी किंवा त्याच्यापेक्षा मोठं असलं तर प्ले, लहान असलं तर पॅक. एक्का किंवा राजा आला की बाकी काही बघायचं नाही, प्ले. राणी आली तर दुसरा पत्ता बघायचा, सत्ती किंवा वरचा असला तर प्ले, छक्की असली तर तिसरा बघायचा, पंजी किंवा चव्वी असली तर प्ले, तिर्री-दुर्री असली तर पॅक. राणीसोबत दुसरा पत्ता पंजी किंवा खालचा असला तरी पॅकच. जोडी, कलर, रन वगैरे तर प्ले आहेच.

कामून ते पण सांगतो, कारण नुसता नियम पाठ केला की तिसऱ्या तासाला मन डगमगतं. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात बनतात. त्यातले ६,७२० असे आहेत की ज्यात राणी पण नाही आणि जोडीबिडी पण नाही, म्हणजे शंभरातून साधारण ३० वेळा डीलर बसत नाही. समजा तुमच्याकडं गुलाम मोठा आहे. डीलर बसला म्हणजे त्याच्याकडं राणी किंवा त्याच्यावरचं आहेच, म्हणजे तुम्ही हरलाच. शंभर वेळा असं खेळलं तर ३० वेळा शंभर शंभर मिळाले, ३,००० झाले, आणि ७० वेळा दोनशे दोनशे गेले, १४,००० झाले, हातात तोटा ११,०००. तेच शंभर वेळा पॅक केलं असतं तर १०,००० गेले असते. बघा, इथं गुलाम-दश्शी-अठ्ठी असो का पंजी-तिर्री-दुर्री, दोन्हीची किंमत एकच. आपल्या तिर्रटच्या सवयीनं गुलाम-दश्शी जरा बरं दिसतं, म्हणतो लावून बघू, तिथंच पैसा जातो. राणीपासून मात्र डीलरचे राणीवाले काही हात तुम्ही मारू शकता, म्हणून ती रेघ राणी-छक्की-चव्वीवर येऊन थांबते.

हा नियम नीट पाळला तर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा अँटीच्या ३.३७ टक्के पडतो. १०० च्या अँटीला हाताला तीन-साडेतीन रुपये, तासाला ४० हात धरले तर १३५ रुपयांच्या आसपास. पण दादा ही सरासरी आहे, एका रात्रीत दोन-तीन हजार इकडं-तिकडं सहज होतात, ते मनात धरूनच बसा. आणि न बघता प्रत्येक हाताला प्ले लावत गेलं तर हाच वाटा साडेसात टक्क्यांच्या वर जातो, दुपटीपेक्षा जास्त. हे मी मुद्दाम सांगायलोय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्लाइंड खेळायची सवय होती, गावात ब्लाइंडला मान आहे, चाल निम्म्यात पडते आणि समोरचा घाबरतो पण. तिथं ब्लाइंडला सूट नाही आणि घाबरायला कोणी नाही. त्या रात्री ठरवून नेलेले सगळे पैसे दीड तासात गेले आणि बाकीची रात्र मी मित्रांच्या मागं उभा राहून काढली. लई वाईट वाटलं होतं, आणि तेव्हाच घरी येऊन वही काढली.

पेअर प्लस. हा वेगळा डाव आहे, याला डीलरशी देणंघेणं नाही, तुम्हाला जोडी किंवा वरचं काही आलं की मिळतं, नाही आलं की गेलं. २२,१०० हातांत जोड्या ३,७४४, कलर १,०९६, रन ७२०, ट्रेल ५२ आणि पक्के रन ४८. उरलेले १६,४४० हात, म्हणजे शंभरातले ७४, रिकामे. चांगल्या बोर्डवर जोडीला १, कलरला ४, रनला ६, ट्रेलला ३० आणि पक्क्या रनला ४० पट असतं. प्रत्येक हाताला १०० रुपये लावून सगळेच्या सगळे २२,१०० हात एकेकदा आले असं धरा, तर या बोर्डवर ५१,२०० रुपये तोटा, म्हणजे २.३२ टक्के. आता फक्त कलरच्या ४ चे ३ करा, बाकी सगळं तेच ठेवा. तोटा होतो १,६०,८००, म्हणजे ७.२८ टक्के. एक आकडा बदलला की घराचा वाटा तिपटीनं वाढला, आणि टेबल, डीलर, दिवे, गर्दी सगळं दिसायला तेच. म्हणून बसायच्या आधी कलरची ओळ वाचा. ४ असलं तर थोडं लावायला हरकत नाही, ३ असलं तर त्या गोलाकडं बघू पण नका. मला विचाराल तर या टेबलवरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, राणी-छक्की-चव्वीपेक्षा पण.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट दिसली असेल, ट्रेल ५२ आणि पक्के रन ४८, म्हणजे पक्का रन जास्त दुर्मिळ. आपल्याकडं ट्रेल सगळ्यात मोठी, तिथं थ्री कार्ड पोकरच्या नियमात पक्का रन ट्रेलच्या वर. रन पण कलरच्या वर, ते आपल्यासारखंच. एक्का-दुर्री-तिर्री मात्र आपल्याकडं एक्का-राजा-राणीच्या खालोखाल धरतात, तिथं तो सगळ्यात लहान रन. तीन पत्ती नावानं टेबल असलं तर तिथं क्रम देशी पण असू शकतो, डीलरला सरळ विचारा, ते लोक नीट सांगतात, लाजायचं काही कारण नाही.

तुमचा मित्र म्हणतोय ना हरलं की डबल लावायचं, त्याला आधीच थांबवा. १०० पासून सात वेळा ओळीनं हरलं की १२,७०० गेलेले असतात, ते पण एका हाताला एकदाच पैसे लागतात असं धरून. इथं प्ले लावलं की दुप्पट जातात. आणि टेबलला वरची मर्यादा असते, तिथं पोचलं की डबल पण करता येत नाही.

अंदर-बाहरचं टेबल दिसलं तर आपल्याकडचा झन्ना मन्ना आठवून बसू वाटेल. आधी एक पत्ता उघडतात, मग आत-बाहेर अशा दोन बाजूंना आळीपाळीनं पत्ते टाकतात, तसाच पत्ता ज्या बाजूला पडेल ती जिंकते. तिथं ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणून तिला शंभराला ९० देतात आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण शंभर. ९० ऐकून लोक दुसरीकडं पळतात, पण हिशोबात पहिल्या बाजूला घराचा वाटा २.१५ टक्के आणि दुसरीला ३. त्यात डोकं लावायला काही नाही, बाजू निवडायची आणि बघत बसायचं.

पैशाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. त्यामुळं काउंटरवर पैसे देतानाच विचारा की एवढ्याच्या बदल्यात खेळायला चिप किती किमतीच्या मिळणार, जेवण आणि एंट्री त्यात धरली का. माझ्या मते हा खर्च टेबलवरच्या ३ टक्क्यांपेक्षा मोठा ठरू शकतो आणि त्याच्याकडं कोणी बघत नाही. चौघांपैकी कोणाचं वय २१ च्या खाली असलं तर त्याला आत घेणार नाहीत. आणि सरावासाठी पैशाचं ॲप टाकू नका, २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम देशभर बंद केलेत. गावात पैसे लावून बसणं पण १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात येतं, ते वेगळंच.

सराव घरीच करा, चिंचोके घेऊन. चौघांतला एक डीलर, दर २५ हातांनी बदलायचा, आणि डीलर किती वेळा बसला नाही ते वहीत रेघा मारून लिहायचं. मी असे हजार हात काढले होते, जोड्या १७० च्या आसपास निघाल्या आणि डीलर तीनशेच्या आगेमागे वेळा बसला नाही. राणी-पंजी हातात आल्यावर पॅक करायला बोट अडखळायचं थांबलं की समजा टेबलवर बसायला हरकत नाही.